पाच ढाली, सात किल्ले आणि आजीचं नाणं

लोंढ्याहून गोव्याकडे जाणारी गाडी पकडली की तिनईघाटानंतर कॅसलरॉक येतं. हे स्टेशन आमच्या जोयडा तालुक्यातच, रामनगरपासून फार लांब नाही. १८८८ पासून रूळ इथून सरळ मुरगावपर्यंत गेले, पण १९६१ पर्यंत कॅसलरॉकच्या पुढे परका देश होता आणि त्या देशावर हिरवा-लाल झेंडा होता. आज त्याच झेंड्याबद्दल लिहितेय.

कारण घरगुती आहे. आजीच्या पत्र्याच्या डब्यात पोर्तुगीज काळातलं एक झिजलेलं नाणं आहे. त्याच्यावर एक ढाल, तिच्यात पाच छोट्या ढाली. लहानपणी आजी सांगायची, "ह्यो येशूच्यो पाच जखमा." मी धरून चालले, की म्हणजे हा झेंडा आपल्या धर्माचा. बारावीपर्यंत तरी तसंच वाटत होतं.

पण हा झेंडा देवळातून आलेला नाही, क्रांतीतून आलाय. ५ ऑक्टोबर १९१० ला लिस्बनमध्ये राजा मानुएल दुसरा पळाला आणि प्रजासत्ताक जाहीर झालं. राजाचा झेंडा निळा-पांढरा होता. निर्मळ संभवाची सायबीण पोर्तुगालची पाठराखीण, आणि निळा-पांढरा तिचे रंग मानले जात. क्रांतिकारकांना ते नको होतं. त्यांनी जेझुइटांना देशाबाहेर घालवलं आणि एप्रिल १९११ मध्ये चर्च आणि सरकार वेगळं करणारा कायदा केला. जून १९११ मध्ये नवा झेंडा मंजूर झाला: काठीच्या बाजूला दोन पंचमांश हिरवा, उरलेला तीन पंचमांश लाल.

लाल का, हिरवा का? शाळेत शिकवतात तसं उत्तर सोपं आहे: लाल म्हणजे सांडलेलं रक्त, हिरवा म्हणजे आशा. पण रंग आधी आले, अर्थ नंतर चिकटवले गेले. ३१ जानेवारी १८९१ ला पोर्तो शहरात प्रजासत्ताकवाद्यांचा एक उठाव फसला होता. तेव्हा त्यांनी लाल कापडावर हिरवं वर्तुळ असलेला झेंडा लावला होता. म्हणजे ते मुळात एका पक्षाचे रंग. पोर्तुगालच्या जुन्या निशाणांत हिरव्याला विशेष परंपरा नव्हती, म्हणून झेंडा ठरवणाऱ्या समितीला त्याचं समर्थन करताना बरीच कसरत करावी लागली. कुठल्याही झेंड्याच्या रंगांचा अर्थ वाचताना मला आता हे आठवतं.

खरी गंमत मधल्या चित्रात आहे. क्रांतिकारकांनी ढालीवरचा मुकुट काढला, पण ढाल ठेवली. त्या ढालीत पाच निळ्या ढाली, प्रत्येकीवर पाच पांढरे ठिपके. दंतकथा अशी, की ११३९ मध्ये ओरिकच्या लढाईआधी अफोंसो एन्रिकेशला क्रुसावरच्या ख्रिस्ताचं दर्शन झालं आणि त्याने पाच मूर राजांना हरवलं. पाच राजे, पाच जखमा. ही कथा लढाईनंतर कितीतरी काळाने लिहिली गेली, आणि ठिपक्यांची संख्याही आधी ठरलेली नव्हती. भोवतीच्या लाल पट्टीवरचे सात किल्ले अल्गार्व प्रांत मूरांकडून घेतल्याची खूण म्हणून सांगतात. म्हणजे ज्यांनी धर्मगुरूंना हाकललं, त्यांनीच ख्रिस्ताच्या जखमा झेंड्यावर राहू दिल्या. त्यांच्या लेखी ती देशाच्या इतिहासाची खूण होती. आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जखमा कुणाच्या बापायच्यो नाय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ढालीमागे सोनेरी कड्यांचा गोल आहे, आकाशातल्या ग्रहताऱ्यांच्या वाटा दाखवणारं जुनं यंत्र. हे मानुएल पहिला याचं चिन्ह. त्याच्याच काळात वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला आणि १५१० मध्ये आल्बुकेर्कने गोवा घेतला. राजाला हटवणाऱ्या प्रजासत्ताकाने साम्राज्याचं चिन्ह मात्र अभिमानाने मधोमध लावलं. गोव्याच्या दृष्टीने मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. या झेंड्याखाली सुरुवातीला गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने बरोबरीचं स्थान मिळालं, सरकारी नोकऱ्या खुल्या झाल्या. कॅथलिक घरात जन्मलेले लुईश द मेनेझीश ब्रागांझा प्रजासत्ताकाचे मोठे समर्थक. पण १९२६ ला लष्कराने सत्ता घेतली, पुढे सालाझार आला आणि १९३० मध्ये वसाहतींसाठी नवा कायदा निघाला. त्याच वर्षी ४ जुलैला याच ब्रागांझांनी गोव्याच्या विधानपरिषदेत ठराव आणून स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. झेंडा तोच, पण आता तो हुकूमशहाचा होता.

मग १५ ऑगस्ट १९५५. हातात तिरंगा घेऊन निःशस्त्र सत्याग्रही वेगवेगळ्या वाटांनी गोव्यात शिरले. पत्रादेवीला आणि इतरत्र गोळीबार झाला, वीसहून जास्त माणसं मेली. एका बाजूला आकाशाचा गोल, दुसऱ्या बाजूला अशोकाचं चक्र. त्यानंतर कॅसलरॉकच्या पुढची रेल्वे बंद पडली. आजी तेव्हा लहान होती. तिला झेंडा आठवत नाही, गाडीची शिट्टी थांबल्याचं आठवतं.

१९ डिसेंबर १९६१ ला तो झेंडा गोव्यावरून उतरला. पोर्तुगालमध्ये १९७४ ला पुन्हा क्रांती झाली, हुकूमशाही गेली आणि त्याच वर्षाअखेर त्यांनी गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. झेंडा मात्र त्यांनी बदलला नाही, तो अजून तोच आहे. आजीचं नाणंही डब्यातच आहे, सुईदोऱ्याच्या रिळांखाली.