उन्मादातील नेत्रगती आणि व्याधिक्षमत्वाची जनुके

चरकसंहितेच्या निदानस्थानातील सातव्या अध्यायात उन्मादाच्या पूर्वरूपांमध्ये नेत्रांची आकुलता सांगितली आहे. वातज उन्मादात नेत्र व भुवया यांचे अकस्मात विक्षेपही येतात. उन्माद म्हणजेच स्किझोफ्रेनिया असे समीकरण आम्ही मांडत नाही, कारण उन्मादाची व्याप्ती पुष्कळ मोठी आहे. तथापि या विकारातील नेत्रगतीचा आधुनिक अभ्यास वैद्यांनी जाणून घ्यावा असा आहे.

संथपणे हलणाऱ्या वस्तूमागे निरोगी डोळा अखंड सरकत जातो. स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांत तो मागे पडतो व लहान लहान झेपा घेत लक्ष्य गाठतो. डिफेनडॉर्फ व डॉज यांनी हे १९०८ मध्येच नोंदविले. मनोविकारावरील आजच्या औषधांचा काळ १९५२ पासूनचा. अर्थात हा दोष केवळ औषधजन्य नव्हे. पुढे १९७३-७४ मध्ये फिलिप होल्झमन यांना तो रुग्णांच्या निरोगी निकटच्या नातलगांतही वारंवार आढळला. येथे ‘बीजभागावयव’ या संज्ञेची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु तिच्यावर याहून अधिक भार टाकू नये.

१९९६ मध्ये जर्मनीतील मोजक्या कुटुंबांत या नेत्रदोषाचा संबंध सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेशी दिसून आला. व्याधिक्षमत्वाशी निगडित एचएलए जनुके याच भुजेवर आहेत. २००९ मध्ये मोठ्या जनुकीय अभ्यासांनी स्किझोफ्रेनियाचा धागा याच प्रदेशाशी जोडला, तर २०१६ मध्ये तेथील ‘सी-४’ या पूरक प्रथिनाच्या जनुकाकडे बोट दाखविले गेले. उंदरांच्या मेंदूत हे प्रथिन चेतापेशींमधील जोडण्यांच्या छाटणीत भाग घेते. मात्र सी-४ मुळेच नेत्रगती बिघडते, असे सिद्ध झालेले नाही.

आमच्या मते चिकित्सकाने लक्षात घ्यावयाचे ते हे की, सी-४ च्या ‘ए’ प्रकाराची अभिव्यक्ती वाढली असता या विकाराची जोखीम वाढते. घटली असता नव्हे. तेव्हा ‘प्रतिकारशक्ती वाढवा, म्हणजे मनोविकार शमेल’ हा युक्तिवाद या संशोधनावर उभा राहत नाही. मेध्य रसायनांचा विचार स्वतंत्र आधारावर करावा व रुग्णाची चालू औषधे परस्पर थांबवू नयेत.

नेत्रगतीची परीक्षा यंत्रनोंदीवर अवलंबून असते. बोट फिरवून रुग्णाच्या भावंडावर भावी रोगाचा शिक्का मारणे सर्वथा अनुचित होय. याउलट, नवे मनोविकारविरोधी औषध सुरू झाल्यावर डोळे वर चढून तेथेच खिळले, तर तो वरील नेत्रदोष नसून औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. अशा रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.