ती पळायची का थांबली?

सहावीपर्यंत खो-खोत कुणाच्या हाती न लागणारी पोर सातवीत एकाएकी म्हणायला लागते, "पोटात दुखतंय, आज पी.टी. नको." आपल्याला वाटतं, अभ्यास वाढला, आळस शिरला, मोबाइल आला. सकाळी डबे, बस, ऑफिस या गडबडीत त्याहून खोलात जायला सवड तरी कुठे असते?

तरी एकदा तिला लांबून पळताना बघा. हात छातीशी आवळलेले, खांदे पुढे, पाठीला पोक. तिला दुखत असेल. आणि त्याहून मोठी धास्ती म्हणजे कुणी बघतंय का! शमीजवर आता भागत नाही, हे ती आपणहून सांगायची नाही. आईचीच ब्रा जिथे दोरीवर टॉवेलखाली लपून वाळते, तिथे ती मागणार तरी कुठल्या तोंडानं?

हे सगळीकडेच आहे. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाच्या संशोधकांनी ११ ते १८ वर्षांच्या दोन हजारांवर शाळकरी मुलींना विचारलं. २०१६ साली निष्कर्ष आले: ४६ टक्के मुलींच्या खेळण्यावर छातीमुळे काही ना काही परिणाम होत होता. आणि निम्म्याहून जास्त जणी खेळताना स्पोर्ट्‌स ब्रा घालतच नव्हत्या.

स्तनांत स्नायू नसतात. त्वचा आणि आतले नाजूक तंतू, एवढाच काय तो आधार. पळताना ते वरखाली हलतात, तसे आजूबाजूला आणि पुढेमागेही. म्हणून "अजून लहान आहे, एवढ्यात कशाला?" हे आपलं म्हणणं टिकत नाही.

स्पोर्ट्‌स ब्रा आणायला जाल तेव्हा तिला बरोबर न्या. "वाढतं अंग आहे, एक नंबर मोठीच घेऊ" हा हिशोब फ्रॉकला ठीक, इथे तो पार फसतो. खरा भार छातीखालचा पट्टा पेलतो, खांद्यावरच्या पट्ट्या नव्हे. तो पट्टा चारी बाजूंनी सपाट बसावा, हात वर केल्यावर सरकू नये, त्यात दोन बोटं जेमतेम शिरावीत. वरून किंवा काखेकडून अंग बाहेर येत असेल तर ब्रा लहान होतेय; कापडाला सुरकुत्या पडत असतील तर मोठी. घट्ट म्हणजे चांगली असंही नाही, दीर्घ श्वास घेता आलाच पाहिजे. ट्रायल रूममध्ये तिला खुशाल चार उड्या मारू द्या. या वयात माप भराभर बदलतं, तेव्हा काही महिन्यांनी पुन्हा टेप लावा.

किंमत बघून हात आखडतो, खरंय. पण बुटांना आपण देतोच ना? शक्य झालं तर दोन घ्या; घामानं भिजलेली दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगावर चढली की खाज आणि पुरळ आलंच. धुऊन मोकळ्या हवेत, सावलीत वाळवा, सगळ्या कपड्यांसारखी उघड्यावर. इलॅस्टिक सैल पडलं की बदला.

बाबांनाही सांगायचंय. रोज मैदानावर सोडायला तुम्हीच जाता. "नवीन हवी असेल तर आईबरोबर जाऊन आण गं" इतकं सहज म्हणालात तरी तिच्या मनावरचं केवढं दडपण उतरेल. घरी आई नसेल तर आत्या, मावशी, शेजारच्या ताई, कुणालाही गळ घाला.

आणि इतकं करूनही ती "नाही पळायचं मला" म्हणाली, तर लगेच जोर करू नका. भाऊ आसपास नसताना, भाजी निवडता निवडता विचारा: दुखतं का गं? की कुणी काही बोललं?