गरजेपुरता वारा : घरातील वायुवीजनाचा विचार

घर बांधताना पाया, भिंती आणि छत यांचा हिशेब काटेकोरपणे केला जातो. हवेचा हिशेब मात्र क्वचितच होतो. घरातील हवा मुख्यतः श्वासोच्छ्वास, चुलीचा धूर आणि ओलावा या तीन कारणांनी बिघडते. बाहेरील हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ०.०४ टक्के, तर उच्छ्वासात ते ४ टक्क्यांच्या आसपास असते. जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच खोलीतील हे प्रमाण ०.१ टक्क्यापलीकडे जाऊ नये, असा दंडक सुचविला होता.

धाब्याचे साणे

चांदूर बाजारसारख्या वऱ्हाडातील गावांत जुन्या धाब्याच्या घरांना हा विचार अपरिचित नव्हता. मातीच्या सपाट छतात एक भोक ठेवलेले असे. त्यास साणे म्हणत. चूल पेटली की साणे उघडावयाचे, पाऊस आला की झाकावयाचे. गरम धूर आपोआप वर जाऊन बाहेर पडे. गरज भासेल तेव्हा हवा सोडणे हेच त्याचे तत्त्व होते.

तत्त्व तेच, साधन नवे

आधुनिक वास्तुशास्त्रात यालाच ‘मागणीनुसार यांत्रिक वायुवीजन’ म्हणतात. पंखा दिवसभर एकाच गतीने न चालता खोलीतील ओलावा, कार्बन डायऑक्साइड किंवा माणसांची उपस्थिती पाहून कमी-अधिक वेगाने चालतो. काही झडपांत नायलॉनची पट्टी असते. दमट हवेत ती लांबते व झडप उघडते, कोरड्या हवेत आखडते व झडप मिटते. फ्रान्सने निवासी वायुवीजनाविषयीच्या १९८२ च्या नियमांत १९८३ मध्ये दुरुस्ती करून अशा स्वयंनियंत्रित पद्धतीस वाव दिला. यात हवा शुद्ध राहते आणि विजेचा अपव्ययही टळतो.

आपल्याकडील प्रश्न

आता धाब्याच्या जागी स्लॅब आला. साणे गेले, पण त्याचे काम करणारे दुसरे काही अनेक घरांत आले नाही. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस घरोघरी नेला. तरी आंघोळीच्या पाण्यासाठी आणि भाकरीसाठी चूल अनेक ठिकाणी पेटतेच. घरगुती धुरामुळे २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लक्ष मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या धुराचा पहिला फटका स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला आणि तिच्याजवळच्या मुलांना बसतो.

उन्हाळ्यातील कूलरचेही असेच आहे. समोरची खिडकी बंद असेल तर दमट हवा खोलीतच कोंडते आणि गारवा नाहीसा होतो.

ग्रामपंचायतींनी काय पाहावे?

प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर असून त्यात स्वयंपाकाची जागा अंतर्भूत आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण व कोरड्या हवामानात खिडक्यांचे क्षेत्र खोलीच्या क्षेत्राच्या एक-दशांश असावे, म्हणजे १० चौरस मीटरच्या खोलीस दारे वगळून १ चौरस मीटर. स्वयंपाकघरात त्याहून २५ टक्के अधिक. खिडक्या शक्यतो समोरासमोर असाव्यात. चुलीवर धुराडे आणि छतालगत झरोका ठेवावा; वीज असल्यास तेथे बाहेर हवा फेकणारा पंखा बसवावा. उन्हाळ्यात भर दुपारी खिडक्या मिटून रात्री उघडाव्यात. चूल पेटलेली असताना मात्र झरोका कधीही बंद करू नये.

स्लॅब पडल्यानंतर झरोका काढणे खर्चाचे ठरते; नकाशावर तो दाखविण्यास काहीच खर्च येत नाही. म्हणून घरकुलाची आखणी तपासताना, धूर कोठून बाहेर जाणार, हा प्रश्न प्रथम विचारला गेला पाहिजे.