वही फिरती ठेव

चि. बाळ,



बदलीच्या गावी रुजू होताच तू मुलींसाठी विज्ञान मंडळ काढलंस, हे वाचून ऊर भरून आला. पहिल्या दिवशी बावीस जणी आल्या, आता नऊच येतात, आणि तू विचारतेस, 'आत्या, माझं कुठं चुकतंय?' माझं जिथं चुकलं, ते आधी सांगते.

प्रयोगाच्या तासाला मी चार-चार जणांचे गट करायची. वह्या सुबक, निकाल उत्तम. बऱ्याच वर्षांनी एकदा वर्गात मागं जाऊन उभी राहिले. ओहमच्या नियमाचा प्रयोग चालला होता. तारा जोडत होता मुलगा, कळ दाबत होता मुलगा, अमीटरचा आकडा मोठ्यानं वाचत होता तोही मुलगाच. मुलगी तक्ता भरत होती. अक्षर चांगलं म्हणून ते काम तिला मीच दिलं होतं! इतकी वर्षं मुलींच्या वाट्याला प्रयोगाची नुसती वही येत होती आणि ती माझ्या हातून येत होती. त्या दिवसापासून मी गटात वही फिरती ठेवली. तूही ठेव.

साधन हाती आलं की मुलगी बदलते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आठवीतल्या एकीनं पहिल्यांदा सोल्डरिंग केलं. राळेचा धूर नाकात गेला, हात थरथरला, सांधा ढेकळासारखा झाला. 'आण इकडे, मी करून देते' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, ते गिळले. तिसऱ्या खेपेस सांधा चकचकीत बसला, पण एलईडी काही लागेना. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "बाई, लांब पाय धन टोकाला हवा ना? मी उलटा लावलाय." दिवा लागला तेव्हा ती कुणाकडं बघतही नव्हती. तो क्षण तिच्याकडून कधी हिरावून घेऊ नकोस.

गळालेल्या तेरा जणींचं कारण घड्याळात शोध. शाळा सुटल्यावर कुणाला एसटी गाठायची असते, कुणाला पाणी भरायचं असतं, कुणाला धाकट्या भावाला सांभाळायचं असतं. मुख्याध्यापकांशी बोलून मंडळ शाळेच्या वेळेतच घे. एखाद्या शनिवारी आयांनाही बोलाव. लेकीनं दुरुस्त केलेला टॉर्च तिच्याच हातून पेटलेला पाहिला की घरचा नकार निम्मा होतो.

आणि प्रत्येकीला एक ताई मिळवून दे. कमला सोहोनींची गोष्ट तुला ठाऊक आहे. १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, आणि एका वर्षाच्या कसोटीवर आत शिरल्या. त्यांचं काम पाहून पुढं इतर मुलींसाठीही ते दार उघडलं. पण जिद्दीइतकीच त्यांना माणसांची साथ होती. बंगळुरूत श्रीनिवासय्यांनी त्यांना कसून शिकवलं. केंब्रिजला डेरिक रिश्टर यांनी आपलं टेबल त्यांना दिवसा कामासाठी दिलं. तिथंच बटाट्यावर काम करताना कमलाबाईंनी वनस्पतींच्या पेशींतलं सायटोक्रोम सी शोधलं आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला रामन परिणामाबरोबर हेही मुलींना सांग.

ताई म्हणून मोठी शास्त्रज्ञच हवी असं नाही. जवळच्या आयटीआयत किंवा पॉलिटेक्निकमध्ये शिकणारी मुलगी महिन्यातून एकदा आली, भाषण न देता शेजारी बसून मल्टिमीटर लावायला शिकवू लागली, तरी पुष्कळ. काल हीच मुलगी अशाच गावातून निघाली होती, हे पोरींना न सांगता कळतं. नववीपासूनच्या मुलींसाठी केंद्राची 'विज्ञान ज्योती' योजना आहे. जिल्ह्याच्या नवोदय विद्यालयात तिची चौकशी कर.

नऊ जणी थोड्या नाहीत. त्यांच्या हाती स्क्रू ड्रायव्हर दे आणि बिघडू दे काय बिघडायचं ते. पुढच्या पत्रात कुणी काय उघडलं, काय मोडलं आणि काय पुन्हा चालू केलं, ते एकेकीच्या नावानिशी कळव. वाट पाहते.

तुझी,
आत्या