क्लोन संगणक : मूळ कंपनीच्या हातून बाजार कसा निसटला?

आय.बी.एम.ने ऑगस्ट १९८१ मध्ये पर्सनल कॉम्प्युटर आणला तेव्हा घाई इतकी होती की बहुतेक भाग बाहेरूनच घेतले. प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टची. आणि ती इतरांना विकण्याची मोकळीक मायक्रोसॉफ्टकडेच राहिली. व्यापारी नजरेने पाहता खरी चूक हीच. स्वतःचे म्हणावे असे कुलूप एकच उरले : बायोस, म्हणजे यंत्र सुरू करून भागांशी बोलणारा प्रोग्राम. तो कंपनीने पुस्तकात छापलाही होता. पण कॉपीराइटमुळे उतरवून घेणे बेकायदेशीर.

ह्यूस्टनच्या कॉम्पॅकने वाट काढली. एका गटाने बायोस काय काम करतो तेवढेच लिहून काढले. मूळ मजकूर ज्यांनी पाहिलाच नव्हता, अशा दुसऱ्या गटाने तेच काम करणारा प्रोग्राम नव्याने लिहिला. १९८३ या पहिल्याच वर्षी विक्री ११ कोटी डॉलरवर! १९८४ पासून फिनिक्स कंपनी असा बायोस इतरांना विकू लागली. मग काय, हाती पेचकस आणि थोडे भांडवल असलेला प्रत्येकजण कारखानदार! (अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.)

१९८७ मध्ये आय.बी.एम.ने पीएस/२ मध्ये नवी रचना आणून परवाना शुल्क मागितले. ग्राहकांची जुनी कार्डे त्यात बसेनात. १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी जुनी कार्डे चालतील अशी आपली रचना जाहीर केली. २००५ मध्ये आय.बी.एम.ने हा धंदाच लेनोवोला विकला.