कोंबडी शिजली, की थर्मामीटर चुकला?

भीमजयंतीच्या सामुदायिक भोजनासाठी कोंबडी शिजवताना आम्ही मांसाचा थर्मामीटर वापरतो. त्याची सळई हाडाला न टेकवता जाड तुकड्याच्या मधोमध खुपसावी. ७४ अंश सेल्सिअसला साल्मोनेलासारखे जंतू मरतात. गेल्या वेळी मात्र भांड्यांबरोबर सळईही पाण्यात बुडून राहिली. सळई आणि वायर यांच्या सांध्यातून पाणी किंवा वाफ आत शिरली की आकडा चुकतो, कधी जास्तच दाखवतो. मग कच्चे मांस शिजलेले वाटते, आणि जुलाब-उलट्यांचा त्रास लहान मुलांना सर्वात जास्त. म्हणून सळई साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावी, सांधा कोरडाच ठेवावा. स्वयंपाकाआधी बर्फाच्या चुऱ्यात थोडे पाणी घालून टोक बुडवावे. शून्याच्या आसपास आकडा आला नाही, तर नवी सळई आणावी.