जुलैत पेरताना ऑक्टोबर बघा

न्यू जर्सीत जुलैच्या मध्यावर टोमॅटो लाल व्हायला लागतात, काकड्या रोज तोडाव्या लागतात. वसंतात लावलेला वाटाणा आणि पालक मात्र तोवर संपलेला असतो आणि ते वाफे रिकामे पडतात. त्यांत आता काय लावायचं, हा प्रश्न दर उन्हाळ्यात आमच्या ओळखीतल्या मराठी घरांमध्ये निघतो. प्रश्न पडतो हे चांगलंच आहे, कारण माझ्या मते इथली सर्वांत चवदार भाजी शरदातच मिळते. पण निवड फसली की दोन-अडीच महिने पाणी घालूनही टोपली रिकामी राहते. ती का फसते हे मी माझ्या आणि इतरांच्या परसात पुष्कळदा पाहिलं आहे. जुलैतली हवा घामाघूम करणारी, आपल्याकडच्या मे महिन्याची आठवण करून देणारी. म्हणून हात आपोआप भेंडी, गवार, दुधी यांच्या बियांकडे जातो. या भाज्यांना इथे मे-जूनमध्येच जमिनीत जायला हवं. जुलैअखेर पेरल्या तर उगवतात झकास, पण ऐन फळायच्या वेळी रात्री गार होतात आणि वेल, झाडं जागच्या जागी थांबतात.

महाराष्ट्रात हंगाम पावसावर ठरतो. दिवस लहान-मोठा होण्याचा फारसा विचार करावा लागत नाही, कारण पुण्यात सर्वांत मोठा दिवस १३ तासांच्या जवळपास आणि सर्वांत लहान ११ च्या. इथे जूनअखेर १५ तास उजेड असतो, सप्टेंबरच्या शेवटाला १२ तास आणि नोव्हेंबरच्या मध्याला जेमतेम १०. उजेड इतका कमी झाला की झाड मरत नाही, पण वाढतही नाही. म्हणून बियांच्या पाकिटावर छापलेले दिवस शरदाच्या पिकाला पुरत नाहीत. त्यात दोन आठवडे मिळवायचे आणि मग पहिल्या फ्रॉस्टच्या तारखेपासून मागे मोजत यायचं. ही तारीख राज्याच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात लवकर येते, मध्य भागात साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आणि किनाऱ्यालगत त्याहून उशिरा. तुमच्या गावाची तारीख रटगर्स विद्यापीठाच्या कृषी विस्तार केंद्रात विचारता येते.

हा हिशोब फरसबीने मला पक्का शिकवला. पाकिटावर ५५ दिवस लिहिले होते. १५ ऑगस्टला पेरली तर ९ ऑक्टोबरला शेंगा यायला हव्यात, कागदावर सगळं ठीक होतं. प्रत्यक्षात फुलं उशिरा धरली, शेंगा बोटभर होईपर्यंत ऑक्टोबर सरत आला, आणि एका निरभ्र रात्री पारा ३२ फॅरनहाइटच्या, म्हणजे शून्य सेल्सियसच्या खाली गेला. सकाळी सगळी पानं उकडल्यासारखी काळी पडलेली. तेव्हापासून फरसबीची शेवटची पेरणी जुलै संपायच्या आत. त्यानंतर वाफा रिकामा झालाच, तर थंडी सोसणारं पीक.

थंडी सोसणाऱ्यांत पहिला मान कोबीच्या घराण्याला: कोबी, ब्रोकोली, केल, कोलार्ड. हलक्या फ्रॉस्टने यांचं काही बिघडत नाही. उलट गारठ्यात झाड पिठूळ साठ्याची साखर करतं आणि केलची पानं गोड लागतात. फ्लॉवर त्या मानाने नाजूक. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तो पहिल्या वर्षी घेऊ नये. या भाज्यांची रोपं जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला घरीच करावीत, सावलीत, रोज पाणी घालून. चार-पाच आठवड्यांची झाली की ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात लावावीत, तीही संध्याकाळी. ऑगस्टमध्ये विकतची रोपं घेण्याचा मोह होतो, पण ती कुंडीतून काढून मुळं बघितल्याशिवाय घेऊ नका. एका रोपवाटिकेतून आणलेल्या ब्रोकोलीच्या मुळांचा चिवट गोळा झाला होता, खालची पानं पिवळी होती. अशा उपासमार झालेल्या रोपाला वाढायच्या आतच गड्डा धरायची घाई होते. आमच्याकडे रुपयाच्या नाण्याएवढे गड्डे आले आणि लगेच फुलले. लागवडीच्या दिवसापासून वाफ्यावर बारीक जाळी घाला. पांढरी फुलपाखरं पानामागे अंडी घालतात, आणि अळी हिरवीच असल्याने पान चाळणी होईपर्यंत दिसत नाही.

पालेभाज्यांची गोष्ट उलटी आहे, तिथे थांबावं लागतं. पालकाचं बी तापलेल्या जमिनीत धड उगवत नाही. लेट्यूसचं बी तर माती ८० फॅरनहाइटच्या वर गेली की झोपूनच राहतं. लोक बियांना दोष देतात, पुन्हा पेरतात, पुन्हा तेच. ऑगस्टअखेर रात्री जरा निवल्या की तेच बी आठवड्याभरात वर येतं. कोथिंबीरही जुलैत पेरली तर चार पानांवरच तुऱ्याला जाते, सप्टेंबरच्या आरंभी पेरलेली मात्र हलका फ्रॉस्ट सोसून नोव्हेंबरपर्यंत हिरवी राहते. मेथी तेव्हाच पेरावी, महिन्याभरात जुडी हातात येते. जुलैचा वाफा तोवर मोकळा ठेवायचा नसेल तर लाल माठ टाका. त्याला ऊन हवंच असतं आणि तो महिन्यात खाऊन संपतो.

मुळा आपल्या लोकांनी इथे वसंतात लावणं सोडूनच द्यावं, असं मी आग्रहाने सांगेन. दिवस वाढत असताना तो पोसत नाही, डिंगऱ्यांवर जातो. लांब पांढरा मुळा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा, ऑक्टोबरात मनगटाएवढा होतो, आणि पाल्याची भाजीही मिळते.

गाजर त्याआधी, मध्य जुलै ते ऑगस्टचा पहिला आठवडा. त्याचं बी उगवायला दोन-दोन आठवडे घेतं, आणि तेवढा वेळ वरची अर्धा इंच माती एकदाही सुकता कामा नये. आमच्याकडच्या चिकण मातीवर उन्हाने पापुद्रा धरतो आणि कोंब त्याखालीच मरतो. त्यावर उपाय सोपा. सरी आधी भिजवून घ्यायची, वाफसा आला की बी टाकून वर ओलं गोणपाट अंथरायचं आणि पाचव्या दिवसापासून रोज उचलून बघायचं. पहिला हिरवा धागा दिसला की गोणपाट काढायचं, नाहीतर कोंब पिवळे पडून लोळतात. विरळणी करायला जीव होत नाही, तरी दोन इंचांवर एकच ठेवा. तयार गाजरं घाईने उपटू नयेत. वर जाड पेंढा घातला तर जमीन गोठेपर्यंत ती मातीतच चांगली राहतात, दिवसेंदिवस गोड होतात.

सगळे वाफे मात्र भरून टाकू नका. फरसबीचा वाफा फ्रॉस्टनंतर रिकामा होईल, तो लसणासाठी राखून ठेवा. लसणाच्या पाकळ्या ऑक्टोबरच्या शेवटी लावायच्या, त्या बर्फाखाली हिवाळा काढतात आणि पुढच्या जुलैत गड्डे निघतात.